मगदुमांचं परडं

सरकारी नकाशावर आमची वसाहत जांभळी आहे. जांभळा म्हणजे कारखान्याची जागा. जांभळ्यावर काळ्या तिरक्या रेघा असल्या की ती जमीन विषारी, आणि रेघांवर लाल ठिपका असला की तिचं काय करायचं ते अजून कुणी ठरवलेलं नाही. कुंभेरी नगरपालिकेच्या नियोजन विभागात मी रुजू झाले त्या दिवशी साहेबांनी तो नकाशा भिंतीवर उजळला आणि विचारलं, "मगदूम मॅडम, ही जागा कधी पाहिलीय का?"

"साहेब," मी म्हटलं, "त्या लाल ठिपक्याखाली आमचं न्हाणीघर आहे."

तेव्हापासून ती फाइल माझी झाली.

जागा अशी. मधोमध सायकलची हँडलं आणि रिमं चमकवणारा कारखाना. मी पाळण्यात होते तेव्हाच तो बंद पडला. मालक गेले, यंत्रं भंगारात गेली, राहिलं ते क्रोमियम. टाक्यांमधलं पाणी वर्षानुवर्षं जमिनीत मुरत राहिलं होतं. कारखान्याच्या दोन अंगांना कामगारांच्या घरांच्या दोन ओळी, पूर्वेची आणि पश्चिमेची, आणि प्रत्येक घरामागे एक परडं. दुसऱ्यांच्या परड्यात अळू असतं, गवती चहा असतो. आमच्या परड्यांत फरशीचे तुकडे पसरलेले असत, कारण मातीला हात लावायचा नाही हे आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. पावसाळ्यात खड्ड्यात साचलेलं पाणी हळद कालवल्यासारखं पिवळं दिसायचं. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ते छान वाटायचं, आणि आम्ही त्यांना बाजूला ओढायचो.

अशी जमीन साफ करणं आमच्या नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचं होतं. राज्याच्या पडीक भूमी निधीकडे मागणी केली, तेव्हा त्यांनी दोन वाटा दाखवल्या. जमीन साफ होते असं सिद्ध केलंत, तर निधी मिळेल, आणि त्याच जागेवर वसाहतीला नवी घरं, दवाखाना आणि बाग होईल. सिद्ध झालं नाही, तर सगळ्यांना उठवून बायपासपलीकडच्या वेगवेगळ्या इमारतींत चिठ्ठ्या टाकून घरं मिळतील. म्हणजे एका भिंतीला दोन्हीकडून पाठ टेकून आयुष्य काढलेली माणसं गावभर विखुरणार. वसाहतीच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा कुणी आरडाओरडा केला नाही. मला तेच जास्त लागलं.

आता थोडं विज्ञान. क्रोमियमची दोन रूपं आपल्या कामाची. एक पिवळं. ते पाण्यात विरघळतं, विहिरीपर्यंत पोचतं आणि शरीरात शिरलं की पेशींची नासधूस करतं. दुसरं हिरवट. ते विरघळत नाही, मातीला धरून गप्प राहतं आणि त्याचा त्रास नगण्य. पिवळ्याचं हिरवं करणारे जिवाणू शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते. अडचण ही, की प्रयोगशाळेत वाढवून, वाळवून, पाकिटात भरून आणलेले हे जिवाणू खऱ्याखुऱ्या विषारी मातीत पडले की मरायचे.

डॉ. नसरीन मुल्ला यांच्या गटानं पाकीटच काढून टाकलं. बादलीत त्याच जमिनीची मूठभर माती, गुळाचं पाणी आणि थोडे जिवाणू. त्यातले जे जगतील त्यांतलं थोडं दुसऱ्या दिवशीच्या बादलीत, वर आणखी मूठभर माती. असं रोज. पिढ्यांमागून पिढ्या जात त्या जमिनीचं विष पचवणारा जिवाणूंचा एक वंश तयार होतो. मग थोडं मागे ठेवून बाकीचं जमिनीत ओतत राहायचं. या पद्धतीचं शास्त्रीय नाव उच्चारताना माझीच जीभ अडखळायची. वसाहतीनं पहिल्याच दिवशी त्याला विरजण म्हटलं आणि पुढे सरकारी अहवालातही विरजणच छापून आलं.

ते सांभाळायला न कंटाळणारं माणूस हवं होतं. सगळ्यांनी एकमुखानं माझ्या आत्याचं नाव घेतलं, पूर्वेच्या ओळीतली शालन आत्या. एका माणसानं मात्र हात वर केला नाही, ते म्हणजे आत्याचे सख्खे भाऊ, पश्चिमेच्या ओळीत राहणारे माझे वडील, बाजीराव मगदूम.

आप्पा आणि आत्या यांच्यात अबोला होता. तो आत्याच्या मुलीच्या लग्नापासूनचा. नवरीला मांडवात मामानं आणायचं. पण मामाला आत्यानंच आईसक्रीम आणायला पिटाळलं होतं, टेम्पो वाटेत पंक्चर झाला, मुहूर्त टळायला आला आणि नवरीला तिच्या काकानं आणलं. आप्पा फेटा बांधून दारात पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. ते तसेच मागे फिरले. आत्याचं म्हणणं, मुहूर्त काय माझ्या हातात होता? आप्पांचं म्हणणं, एक फोन करायचा होता. दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायला काही कारणच उरलं नाही. एका खोलीत आले तर दोघं माझ्यामार्फत बोलायचे. "तिला सांग, पंखा कमी कर." "त्याला सांग, बटण त्याच्याच डोक्यावर हाय." आई होती तोवर ती समेट घडवून आणील अशी आशा होती. ती गेल्यावर आत्या दिवसकार्याला आली, घरभर राबली आणि भावाशी एक शब्द न बोलता गेली. त्या दिवशी मला दोघांचाही खूप राग आला होता.

प्रयोगाची आखणी डॉक्टर मुल्लांची. वर्षभर विरजण फक्त पूर्वेच्या परड्यांत ओतायचं, पश्चिमेच्या परड्यांना हात लावायचा नाही. वर्षअखेर दोन्हीकडच्या मातीत सुया खोचून विष मोजायचं. पूर्वेला उतरलं आणि पश्चिमेला तसंच राहिलं, तरच ते विरजणानं उतरलं म्हणता येईल. नाहीतर पावसानं धुऊन गेलं असेल, आपोआप कमी झालं असेल, काहीही असू शकतं. आमचं घर मोजणीतून वगळलेलं होतं, कारण प्रकल्पावरच्या कर्मचाऱ्याच्या घरचा नमुना चालत नाही.

पश्चिमेच्या ओळीतल्या हौसाबाई बैठकीतच उठल्या. "म्हणजे आमचं परडं मुद्दाम घाण ठेवायचं? आम्ही काय घोडं मारलंय तुमचं?"

"पुढच्या वर्षी तुमचा नंबर, काकू," मी म्हटलं. "तुलना करायला हवी ना."

"तुलना," हौसाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. मला वाटलं त्यांना पटलं. नियोजनाची पदवी घेतलेल्या माणसाला समोरचा गप्प बसला की पटलं असंच वाटतं.

वर्ष सरलं. पाऊस यंदा धो धो झाला. दिवाळी उलटल्यावर डॉक्टर मुल्ला आल्या. पन्नाशीच्या, पांढरे केस आखूड कापलेल्या, चहाला नाही न म्हणणाऱ्या. त्यांच्या सुया म्हणजे विणकामाच्या सुयांएवढ्या. जमिनीत खोचल्या की विष किती आणि कोणते जिवाणू आहेत, दोन्ही मोबाइलवर दिसतं. पूर्वेच्या परड्यांतलं विष जवळजवळ संपलं होतं. मी आनंदानं हौसाबाईंनाच मिठी मारली. मग डॉक्टर पश्चिमेच्या ओळीत गेल्या.

तिथलंही विष जवळजवळ संपलं होतं.

"गार्गी," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फरक शून्य आहे. मी निधी समितीला हे दिलं तर ते म्हणतील, पावसानं काम केलं, विरजणानं नाही. फाइल बंद."

"पण असं होईलच कसं?"

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. पश्चिमेच्या मोजलेल्या प्रत्येक परड्यात आत्याच्या बादलीतल्या जिवाणूंचा वंश ठाण मांडून बसला होता. "हे चालत गेले नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "कुणीतरी नेलंय."

मी तडक आत्याकडे गेले. ती विरजणाची बादली ढवळत होती. मी विचारलं आणि ती लगेच म्हणाली, "संक्रांतीला वाटलं की."

"काय?"

"हळदीकुंकवाला वाण नको का लुटायला? दरसाल आपलं प्लास्टिकचं डबं नि चाळण्या. म्हटलं, यंदा कायतरी उपयोगाचं देऊ. सुगडात घालून वाटीवाटीभर दिलं सगळ्यांस्नी. गूळ किती, माती किती, ते बी सांगितलं."

"आत्या, पश्चिमेला द्यायचं नव्हतं!"

"अगं, दारात आलेल्या बाईला विरजण न्हाई म्हणू? हौसा तर त्याच्या आधीच मागत होती. तिची नातवंडं त्या मातीत खेळत्यात." ती ढवळायची थांबली. "का गं? चुकलं काय?"

काय चुकलं ते मी सांगितलं. पदराला हात पुसत ती पायरीवर बसली. चिठ्ठ्या, बायपास, फाइल, तिला एकेक कळत गेलं तसा तिचा चेहरा लहान झाला. "म्हणजे माझ्यामुळं सगळी उठणार," ती म्हणाली. मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण मी तिच्याशेजारी बसले आणि तिचा हात हातात घेतला. तिच्या जागी मी असते तर मीही दिलं असतं. कुठल्या तोंडानं ओरडणार?

मोजणीच्या निकालावरची जाहीर सुनावणी कारखान्याच्या जुन्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली झाली. आत्याचं नाव कसं घ्यायचं याची मी रात्रंदिवस धास्ती घेतली होती. डॉक्टरांनी आकडे सांगितले, लोक एकमेकांकडे बघायला लागले आणि मी माइक हातात घेईपर्यंत आत्या उभी राहिली.

"मी वाटलं," ती म्हणाली. "मॅडमला ठावं नव्हतं. पोरीला कायबी बोलू नका."

"आम्ही घेतलं," हौसाबाई बसल्या जागेवरून ओरडल्या. "एकटी शालन कशाला? आम्ही समद्यांनी घेतलं." पश्चिमेच्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या. त्यांच्या नवऱ्यांना हे सगळं तेव्हा कुठं कळत होतं असं त्यांच्या तोंडांवरून दिसलं.

डॉक्टर मुल्लांनी चष्मा काढला. त्या चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांना हसू आवरत नव्हतं. "बायांनो, माझ्या आयुष्यात माझा प्रयोग इतक्या प्रेमानं कुणी मोडला नव्हता. आता मला एक सांगा. पश्चिमेच्या ओळीत असं एकतरी परडं आहे का, जिथं हे वाण गेलं नाही?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग सगळ्यांच्या माना एकदमच खांबाशी उभ्या असलेल्या आप्पांकडे वळल्या. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तिथनं कुणी बाईमाणूस वाण न्यायला आलं न्हाई," आत्या जमिनीकडे बघत म्हणाली.

तासाभरात सुया आमच्या परड्यात खोचल्या गेल्या. तोच पाऊस, तीच जमीन, शेजारच्या परड्याला लागून असलेलं कुंपण, आणि विष जसंच्या तसं. आत्याच्या वंशाचा एक जिवाणू नाही. शेजारीपाजारी सगळीकडे विरजण पोचलं आणि विष उतरलं, इथं पोचलं नाही आणि विष तसंच राहिलं. माझ्या घरच्यांच्या हट्टीपणाचा गावाला उपयोग होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"कर्मचाऱ्याचं घर चालत नाही ना?" मी विचारलं.

"ते समितीशी मी भांडते. सगळी मोजणी बाहेरच्या माणसांकडून करून घेऊ," डॉक्टर म्हणाल्या. "पण एक परडं म्हणजे कच्चा पुरावा. हे आणखी वर्षभर असंच ठेवलं आणि त्यानंतरही हाच फरक दिसला, तर कुणाची नाही म्हणायची हिंमत होणार नाही. तेवढ्या भरवशावर पहिला हप्ता मी आता मिळवून देऊ शकते." मग त्यांचा आवाज बदलला. "मात्र एक अट माझी स्वतःची. उतारा शेजारच्या घरात असताना माणसाला विषापाशी ठेवून मी प्रयोग करणार नाही. वर्षभर त्या घरात कुणी राहायचं नाही. बाजीराव राहणार असतील, तर मी आजच त्या परड्यात विरजण ओतणार."

म्हणजे सगळं आप्पांवर आलं. त्यांनी घर सोडलं तर वसाहत वाचणार होती.

आप्पांनी साफ नकार दिला.

मी नदीपलीकडे नगरपालिकेच्या क्वार्टरमध्ये एका खोलीत राहते. तिथं चला म्हटलं, तर म्हणाले, पोरीच्या एका खोलीत मी पाय पसरू कुठं. हौसाबाईंनी पुढची खोली देऊ केली. त्यावर, "कुणाच्या दारात जाणार न्हाई." वसाहतीतले चार जण समजवायला आले, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. हा माणूस वसाहतीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला, शेजाऱ्यांच्या आजारपणात रात्री जागवलेला. त्याला आपल्या हट्टानं कुणाचं काय होणार हे कळत नव्हतं असं नाही. रात्री मला फोन करून विचारायचे, "त्या बाईला दुसरं एकांदं परडं सापडतंय का बघ की गं." मग फोन ठेवून द्यायचे. घर सोडायला त्यांना काय आडवं येतंय ते मला उमजत नव्हतं, आणि ते सांगत नव्हते. डॉक्टरांना रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

रविवारी दुपारी मी शेवटचं विचारायला घरी गेले. आप्पा पलंगावर बसून रेडिओचे सेल बदलत होते. मी बोलायला तोंड उघडलं आणि दारात आत्या दिसली. चपला बाहेर काढून, न विचारता, ती उंबरा ओलांडून आत आली.

"गार्गे, त्याला सांग," ती म्हणाली, "माझ्याकडं माडीवरची खोली मोकळी हाय."

"तिला सांग," आप्पा म्हणाले, "मला माझं घर हाय."

"त्याला सांग, घर कुठं पळून चाललं न्हाई. वर्षानं परत ये म्हणावं."

"तिला सांग—"

"मी कुणाला काही सांगणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज नको इतका चढला. "तुम्हाला दोघांनाही ऐकू येतं."

आत्या पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. माठाचं झाकण वाजलं. मग काहीच ऐकू येईना. मी डोकावले. ती ओट्याखाली वाकून हवेत नाक ओढत होती. ओली माती आणि आंबलेला गूळ यांचा तो वास तिच्या हाताला, साडीला, घराला वर्षभर चिकटला होता. तो ओळखायला तिला चूक होणं शक्य नव्हतं. तिनं पोत्याचा तुकडा बाजूला केला. मागं चिनी मातीची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेली. फडकं सोडलं तर आत वरपर्यंत विरजण, वर बारीक बुडबुडे. शेजारी गुळाची ढेप, ताजी फोडलेली.

आत्या बरणी छातीशी धरून बाहेर आली आणि थेट आप्पांपुढे उभी राहिली.

"दादा, हे कुठलं?"

आप्पांच्या हातातला सेल खाली पडून पलंगाखाली घरंगळला. ते तो शोधायलाही वाकले नाहीत.

"तूच पाठवलं होतंस न्हवं, हौसाच्या हातनं," ते म्हणाले. "सगळ्यांच्या आधी. वाणाच्या आदल्या दिवशी."

"ते ठावं हाय मला. हौसा म्हणाली, घेतलं, बोलला कायबी न्हाई. मला वाटलं फेकलं असशील."

"तू दिलेलं फेकीन?"

"मग परड्यात का न्हाई ओतलंस रे? तुझ्यासाठीच पाठवलं होतं. वरीसभर नुसतं बरणीत घालून गूळ चारत बसलायस?"

आप्पांनी खिडकीबाहेर बघितलं, परत तिच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना तिच्या डोळ्यांकडे बघताना पाहिलं नव्हतं. "बरणी उचलून बाहेर न्यायचो," ते म्हणाले, "आणि परत आणायचो. ओतलं आणि संपलं तर? परत मागायला तुझ्या दारात यावं लागलं असतं." मग म्हणाले, "आणि आता हे घर बंद केलं तर रोज ह्याला गूळ कोण घालणार? मरंल की ते."

म्हणजे त्यांना घर सोडू न देणारं हे होतं. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही लपवायला मी पलंगाखालचा सेल शोधायला वाकले.

"थोडं मागं ठेवून ओतायचं असतंय, खुळ्या," आत्या म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. "संपत न्हाई ते. आणि संपलं असतं, तर यायचं होतंस. दार काय लावून घेतलं होतं मी?"

आप्पा उठले. खुंटीवरची टोपी घेतली, रेडिओ माझ्या हातात दिला आणि तिच्याकडून बरणी घेतली.

"चल," ते म्हणाले. "येतो."